वीज जाते तेव्हा नाही, येते तेव्हा नडते

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक हौशी रेडिओचे परवानाधारक आहेत. राहतात बहुमजली इमारतीत. तिथे अँटेनाला परवानगी नाही, आणि असती तरी चार्जर, एलईडी दिवे आणि लिफ्टच्या विद्युत गोंगाटात शॉर्टवेव्हवर फारसं काही ऐकू आलं नसतं. म्हणून त्यांनी सगळं स्टेशन दोन तासांच्या अंतरावर मामेभावाच्या शेतातल्या खोलीत हलवलं: १०० वॅटचा एचएफ रिग (शॉर्टवेव्हवर ऐकणारं-बोलणारं रेडिओ यंत्र), पॉवर सप्लाय, छोटा संगणक, राउटर आणि तारेची अँटेना. संध्याकाळी दोन-तीन तास ते घरून इंटरनेटवर स्टेशन चालवतात. तिकडे वीज वारंवार जाते. एकदा गेली की कधी राउटर अडकतो, कधी संगणक उठत नाही, कधी सगळं चालू होतं आणि रिग तेवढा बंद राहतो. मग मामेभावाला फोन. तो टॉर्च घेऊन जातो आणि सांगितलेली बटणं दाबतो. अलीकडे तो फोन लगेच उचलत नाही. एकदा तर ट्रान्समिट चालू असतानाच संपर्क तुटला आणि रिग बराच वेळ तसाच ट्रान्समिट करत राहिला. आता मोठा इन्व्हर्टर, २०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी, सोलर पॅनेल आणि मोबाइलवरचे स्मार्ट प्लग घ्यायचा विचार आहे. एवढी बॅटरी पुरेल का, स्मार्ट प्लग चालतील का, आणि याच खर्चात ४०० वॅटचा ॲम्प्लिफायरही घ्यावा का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

नमस्कार.

तुमच्या पत्रात बॅटरीपेक्षा मामेभावाचा उल्लेख जास्त वेळा आलाय. त्याच्याविषयी पुढे बोलूच, पण आधी एक गोष्ट बघा. तुम्ही त्याला फोन करता तो वीज गेल्यावर नव्हे. वीज गेली की तुम्ही वाट बघता. फोन जातो तो वीज आल्यावर, तास उलटला तरी स्टेशन उठत नाही तेव्हा. म्हणजे वीज नसते हे तुमचं दुखणं नाहीच. ती आल्यावर यंत्रं आपापली, योग्य क्रमानं उभी राहत नाहीत, हे दुखणं आहे. मोठी बॅटरी घेतलीत तर असे प्रसंग कमी येतील, संपणार नाहीत. आणि ज्या दिवशी ती बॅटरीही रिकामी होईल त्या दिवशी फोन करावाच लागेल. फक्त तोवर मामेभाऊ कोणतं बटण कुठे आहे हे विसरलेला असेल.

दुसरं एक गृहीतक तुमच्या पत्रात न लिहिता आलंय: स्टेशन चोवीस तास जागं हवं. का बरं? तुम्ही संध्याकाळी दोन-तीन तास बसता. दुपारी बारा वाजता तिकडे अंधार असेल तर कोणाचं काही अडत नाही. तुम्ही आपत्कालीन जाळ्याचा भाग असता किंवा तिथे रिपीटर (इतरांचे संदेश पकडून पुढे पाठवणारं यंत्र) असता तर गोष्ट वेगळी होती. सतत चालू राहणं आणि खात्रीनं परत चालू होणं या दोन निराळ्या गरजा आहेत. पहिलीला पैसे लागतात, दुसरीला विचार. दुसरी नीट साधली की पहिली बरीचशी अनावश्यक ठरते, असं माझं मत आहे, आणि पुढचं सगळं त्या मताला धरून आहे.

आकडे मांडू, कारण ते बहुतेकांच्या अंदाजाच्या उलट निघतात. रिग १०० वॅट सोडतो तेव्हा १३.८ व्होल्टवर २० ते २२ ॲम्पिअर ओढतो. हा आकडा डोळ्यांपुढे असतो म्हणून २०० ॲम्पिअर-तास सुचतात. पण समजा, तुम्ही तासभर एफटी-८ वर, म्हणजे संगणकानं छोटे संदेश पाठवायच्या डिजिटल पद्धतीवर, पूर्ण शक्तीनं बसलात (पूर्ण शक्ती लावू नये, हे वेगळं). १५ सेकंदांच्या खेपेत १२.६४ सेकंद ट्रान्समिट, पुढची खेप ऐकण्याची. म्हणजे प्रत्यक्ष ट्रान्समिट वेळेच्या साधारण ४२ टक्के. २० ॲम्पिअर गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे २७६ वॅट, त्याचे ४२ टक्के धरले तर तासाला ११६ वॅट-तास. आवाजी संभाषणात याहून कमी. आता राउटर, मोडेम, छोटा संगणक, रिले बोर्ड (हुकमावर वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचांची, म्हणजे रिलेंची पाटी) आणि कॅमेरा यांचे मिळून १५ वॅट धरा. कोणीही वापरत नसताना ही मंडळी दिवसाला ३६० वॅट-तास खातात. त्या एका तासाच्या तिप्पट! तुमची बॅटरी रेडिओ संपवत नाही, पहारेकरी संपवतात.

म्हणून कॅटलॉग बंद करा आणि आधी डीसी वॉटमीटर घेऊन त्या खोलीतली प्रत्येक वस्तू मोजा. कॅमेरा सतत का चालू आहे? संगणकाला दिवसा काम काय? तो रिलेवर टाकला आणि तुम्ही बोलावल्यावरच उठवला, तर जागं राहायला राउटर आणि रिले बोर्ड एवढेच उरतात, साधारण ८ वॅट. दिवसाला १९२ वॅट-तास. १०० ॲम्पिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२.८ व्होल्टच्या हिशेबानं १२८० वॅट-तासांची होते. तिच्यातले हजारेक वापरायचे धरले तरी हे ओझं पाच दिवस निघतं. तेवढ्याच क्षमतेची लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणजे तिचे सहाशे वॅट-तास, तीन दिवस. तुमच्याकडे वीज तासांनी जाते, दिवसांनी नाही. २०० ची गरज मला दिसत नाही, आणि सोलर तर तूर्त विसराच.

इन्व्हर्टरही नको. त्या खोलीत डीसीवर न चालणारी एकही वस्तू नाही. बॅटरीची डीसी वीज इन्व्हर्टरमध्ये घालून एसी करायची आणि लगेच ॲडॅप्टरनं पुन्हा १२ व्होल्ट डीसी करायची, यात दोन्ही वेळा नुकसान. शिवाय मोठे इन्व्हर्टर रिकामे चालतानाही दहा-वीस वॅट स्वतःच पितात. म्हणजे आत्ता वाचवलेलं सगळं तिथेच गेलं. साधी रचना करा: मुख्य वीज चार्जरला, चार्जर बॅटरीला, आणि सगळं काही बॅटरीवर. बॅटरी कायम मध्ये असली की वीज जाणं ही घटनाच उरत नाही. कुठलाही स्विच पलटत नाही, राउटरला काही कळतही नाही.

राउटरवर १२ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी बॅटरी थेट लावू नका. चार्ज होताना ती १४ च्या वर जाते आणि ट्रान्समिट होताना १२ च्या जवळ येते. मध्ये चढ-उतार दोन्ही सांभाळणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर लागेल. इथे मात्र जपून. स्वस्त कन्व्हर्टर आणि स्वस्त सोलर कंट्रोलर एचएफवर भयंकर गोंगाट करतात. शहरातला गोंगाट टाळायला तुम्ही एवढ्या लांब गेलात आणि तो डब्यात भरून बरोबर नेलात, असं व्हायला नको. तपासायची रीत सोपी आहे: रिग नुसत्या बॅटरीवर ठेवा, वॉटरफॉल (बँडवरचे सिग्नल रेघांनी दाखवणारा पडदा) समोर ठेवा आणि एकेक उपकरण बंद करत बघा, कोणाबरोबर रेघा नाहीशा होतात. दोषी सापडला की फेराइटच्या (गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यावर तारेचे वेढे देऊन पाहा. तेवढ्यानं भागलं नाही तर तो बदला, त्याच्याशी वाद घालत बसू नका.

केबलबद्दल एक वाक्य, कारण यात पुष्कळ जण फसतात आणि दोष बॅटरीला देतात. रिग बॅटरीपासून पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत २२ ॲम्पिअरला जवळजवळ एक व्होल्ट तिथेच गळतो. १० चौरस मिलिमीटर घेतली तर ०.४ च्या आत राहतो. बहुतेक रिग १३.८ व्होल्टच्या १५ टक्के खाली, म्हणजे ११.७ पर्यंतच काम करायची हमी देतात. बॅटरीवर हा एक व्होल्ट फार मोठा असतो. लिथियम घेतलीत तर आतल्या संरक्षक सर्किटची, म्हणजे बीएमएसची मर्यादाही बघा. २० ॲम्पिअरची असेल तर तुमच्या पहिल्याच जोरदार हाकेला बॅटरी स्वतःला तोडून घेईल. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ, वीतभर अंतराच्या आत. कोणी माणूस नसलेल्या खोलीत यावर तडजोड नाही.

आता खरं काम. उठण्याचा क्रम.

एकत्र कुटुंबात एखादं माणूस सगळ्यांच्या आधी उठतं आणि सगळे झोपल्यावर कडी लावून झोपतं. तुमच्या स्टेशनात ते माणूस म्हणजे राउटर. तुमच्या आत्ताच्या जोडणीत तो इतरांसारखाच एका स्विचच्या मागे आहे, आणि तो स्विच तुम्ही त्याच राउटरमधून चालवता. चुकून 'बंद' दाबलं की परत चालू करायला वाट नाही. फांदीवर बसून फांदी तोडण्याचा हा प्रकार दूरस्थ स्टेशनं चालवणाऱ्यांत अतिशय सामान्य आहे. उपाय रिलेतच आहे. रिलेला दोन तऱ्हेचे संपर्क असतात: कॉइलमध्ये वीज नसताना जोडलेला, त्याला एनसी म्हणतात, आणि वीज नसताना तुटलेला, तो एनओ. राउटर एनसीवर लावा. रिले बोर्ड मेला, प्रोग्राम लटकला, काहीही झालं तरी राउटरला वीज मिळत राहील. रिग, ॲम्प्लिफायर आणि अँटेना एनओवर. तिथे काहीही बिघडलं की ते आपोआप बंद. राउटरसाठी 'बंद' हा आदेश मुळात ठेवूच नका. फक्त 'दहा सेकंद तोडून पुन्हा जोड' एवढा एकच आदेश ठेवा.

तो आदेश तुम्ही देण्याची वाटही पाहू नये. रिले बोर्डावर किंवा वेगळ्या छोट्या यंत्रावर अशी सोय करा की ते दर काही मिनिटांनी बाहेरच्या दोन वेगवेगळ्या पत्त्यांना पिंग करेल, म्हणजे 'आहेस का?' असं विचारेल, आणि दोन्ही बराच वेळ गप्प राहिले तर राउटर रीस्टार्ट करेल. दोन पत्ते अशासाठी की एक सर्व्हर बंद पडला म्हणून तुमचा राउटर मार खाऊ नये. आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर थांबण्याचा वेळ वाढवत न्या. नाहीतर इंटरनेट पुरवणाऱ्याकडे रात्रभर बिघाड असेल तर राउटर रात्रभर दर पाच मिनिटांनी बंद-चालू होत राहील, आणि लाइन परत येईल त्या क्षणी नेमका बंद असेल.

शक्य असेल तर आत शिरायला दुसरी वाट ठेवा: वेगळ्या सिमवर चालणारा, एसएमएसनं हुकूम घेणारा रिले. त्याला दोनच कामं द्या. राउटर रीस्टार्ट, आणि 'सगळं बंद'. जास्त हुशार करू नका.

संगणकाबाबत तुम्ही लिहिलंय की कधी तो उठतो, कधी नाही. हे गूढ नाही. संगणकाच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते. ती 'चालू हो' अशी ठेवावी लागते. पण त्यातही एक मेख आहे. तुमच्याकडे यूपीएस आहे असं दिसतं. बॅटरी उतरत आली की यूपीएस संगणकाला सांगतो आणि संगणक शहाण्यासारखा बंद होतो. तेवढ्यात, यूपीएस पूर्ण मरण्याआधीच मुख्य वीज परत येते. संगणकाच्या दृष्टीनं वीज कधी गेलीच नाही, मग तो परत चालू होणार कशावर? तो बंदच राहतो, कितीही दिवस. मामेभाऊ जाऊन प्लग उपसून पुन्हा लावतो आणि जादू होते. इलाज असा की संगणक बंद झाल्यावर यूपीएसनंही आपला आउटपुट खरोखर तोडला पाहिजे आणि वीज आल्यावर थोडं थांबून पुन्हा द्यायला हवा. नेटवर्क यूपीएस टूल्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये याची सोय आहे. वर सांगितलेली बॅटरी-मध्ये रचना केलीत तर यूपीएसच जातो आणि संगणक साध्या रिलेवर येतो: बंद होऊ द्या, रिले तोडा, जोडा, तो उठतो. मेमरी कार्डावर चालणारा एकपाटी संगणक असेल तर अचानक वीज तोडल्यानं कार्ड बिघडू शकतं. कार्ड फक्त-वाचनीय ठेवा किंवा एसएसडी लावा.

वीज परत आल्यावर लगेच सगळं जोडायची घाईही नको. परतताना ती पुष्कळदा दोन-तीन वेळा येते-जाते, व्होल्टेज वर-खाली होतं. चार्जरच्या आधी पाच-दहा मिनिटं थांबणारा टायमर लावा. बॅटरी आहेच, कोणाला घाई नाही.

रिग शेवटी, आणि तुम्ही समोर बसून मागितल्यावरच. आजकालच्या बहुतेक रिगना नुसती डीसी वीज मिळाली की ते चालू होत नाहीत. पुढचं बटण दाबल्याचा इशारा लागतो. 'सगळं चालू, रिग बंद' या कोड्याचं उत्तर हेच. हा इशारा संगणकावरून देता येतो. आयकॉमच्या सीआय-व्ही भाषेत त्यासाठी १८ ०१ असा आदेश आहे, केनवूडच्या रिगला पीएस१. झोपलेला रिग पहिले काही बाइट ऐकतच नाही, म्हणून आदेशाआधी एफई हा बाइट पुष्कळदा पाठवायला आयकॉमच्या पुस्तिका सांगतात. काही रिगना तोच आदेश सेकंदाभरानं पुन्हा द्यावा लागतो. हे माहीत नसलं की माणूस रिग खराब झाला असं समजतो. बंद करतानाही आधी आदेशानं बंद करा, मग रिलेनं डीसी तोडा.

आणि आता ते, जे तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलंत: रिग ट्रान्समिटमध्ये अडकला होता. मला तुमच्या सगळ्या पत्रात ही एकच गोष्ट गंभीर वाटली. स्टेशन बंद राहिलं तर तुमची एक संध्याकाळ जाते. अडकलेला रिग मात्र दुसऱ्यांचा बँड व्यापतो, स्वतःचे ट्रान्झिस्टर भाजतो, आणि बंद खोलीत काय तापवेल सांगता येत नाही. कारणं अनेक असतात. संपर्क तुटतो आणि 'थांब' हा आदेश पोचतच नाही. ट्रान्समिट होताना आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींची ऊर्जा, यूएसबी केबलमध्ये शिरून संगणकाचा पोर्ट लटकतो, याचाही परिणाम तोच. संगणक सुरू होताना सीरिअल पोर्टच्या आरटीएस किंवा डीटीआर रेषा क्षणभर उंचावतात, आणि पीटीटी, म्हणजे ट्रान्समिट सुरू करणारा इशारा, त्यांच्यावर असेल तर रिग कोणी न सांगता बोलू लागतो. हे शेवटचं कारण आहे म्हणूनच संगणक पूर्ण उठेपर्यंत रिगला वीज देऊ नये, असा क्रम लावायचा.

बचावाच्या तीन भिंती हव्यात, आणि त्या एकमेकींवर अवलंबून नसाव्यात. पहिली रिगच्या मेन्यूतच असते, ट्रान्समिटची वेळमर्यादा. ती सापडेल तेवढी कमी ठेवा, दोन-तीन मिनिटं भरपूर झाली. दुसरी सॉफ्टवेअरमध्ये: तुमच्याकडून दर सेकंदाला येणारी खूण थांबली की पीटीटी सोडायचा. तिसरी संगणकाशी काहीही संबंध नसलेली, करंट पाहणारी. रिगच्या वायरवरचा सेन्सर सांगतो की २० ॲम्पिअर ठरावीक वेळेहून जास्त वाहताहेत, आणि तो रिले सोडतो. या सेन्सरचा दुसरा फायदा असा की 'बंद' हुकूम दिल्यावर खरंच बंद झालं का ते कळतं. रिलेचे संपर्क चिकटून बसतात, विशेषतः पॉवर सप्लाय चालू होतानाच्या करंटच्या धक्क्यानं. स्क्रीनवरचा दिवा तेव्हाही 'बंद'च दाखवतो. अमेरिकेच्या हौशी रेडिओ नियमांच्या ९७ व्या भागात दूरस्थ स्टेशनाला हीच अट आहे: नियंत्रणाचा दुवा बिघडला तर ट्रान्समिशन ३ मिनिटांहून जास्त चालू राहता कामा नये. तुम्हाला लागू असलेले नियम तुमच्या परवान्याचे. दूरस्थ चालवण्याबद्दल त्यात काय म्हटलंय ते अजून वाचलं नसेल तर खरेदीच्या आधी वाचा.

इथवर आल्यावर स्मार्ट प्लगचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळालं असेल. त्यांतले बरेच कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर विसंबून असतात, वीज परतल्यावर कोणत्या स्थितीत यायचं हे काहींमध्ये ठरवताच येत नाही, आणि आतला रिले अशा धक्क्याच्या करंटसाठी बनवलेला नसतो. टेबललॅम्पला उत्तम. घ्यायचाच असेल तर चार्जरच्या एसी बाजूला एक घ्या, आणि वीज परतल्यावर तो 'चालू' स्थितीत येतो याची खात्री करा.

बॅटरी उतरत गेली तर कोणाला आधी झोपवायचं हेही ठरवून ठेवा: आधी रिग, मग संगणक, सगळ्यात शेवटी राउटर. ट्रान्समिटच्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं, म्हणून तोडणाऱ्या सर्किटला अर्धा-एक मिनिट धीर द्या. आणि तोडण्याच्या व जोडण्याच्या पातळीत पुरेसं अंतर ठेवा, नाहीतर रिले टकटक करत बसेल. लिथियममध्ये व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट असतं आणि मग कड्यावरून पडल्यासारखं पडतं. किती शिल्लक आहे हे शंट (करंट मोजायचा छोटा रोध) लावून आत-बाहेर गेलेला करंट मोजल्यावरच कळतं. बीएमएसनं तोडायची वेळ येऊ देऊ नका. काही बीएमएस एकदा तुटले की चार्जरचं व्होल्टेज दिसल्याशिवाय जागे होत नाहीत. आणि गोठणबिंदूखाली लिथियम चार्ज करायची नसते. तुमच्या हवेत तो प्रश्न येत असेल तर लेड-ॲसिडच बरी.

विजेचं दुसरं रूप, आकाशातलं. बंद स्विच म्हणजे तोडलेली जोडणी नव्हे. रिलेतल्या मिलिमीटरभर फटीला ती वीज जुमानत नाही. अँटेना वापरात नसताना अर्थला जोडणारा रिले लावा, बंद अवस्थेत तो अर्थलाच असू द्या. कोएक्स (अँटेनाची केबल), मुख्य वीज आणि नेटवर्क खोलीत एकाच जागेतून आत घ्या आणि त्यांचे सर्ज अरेस्टर (विजेचा लोट जमिनीत सोडणारी साधनं) एकाच अर्थिंगला बांधा. नेटवर्कचा शेवटचा तुकडा फायबरचा केला तर एक वाट कायमची बंद होते. तरीही वादळाच्या दिवसांत केबल हातानं उपसून दूर ठेवणं यासारखं दुसरं काही नाही.

म्हणजे आपण मामेभावापाशी आलो. तुम्हाला त्याची गरज लागते याची लाज वाटते, असं पत्रावरून जाणवतं, आणि या सगळ्या खरेदीचा हेतू त्याला यातून काढून टाकणं हा आहे. तसं करू नका. माणूस नसलेल्या खोलीत ट्रान्समीटर आहे. जवळ राहणारा, किल्ली असलेला एक माणूस हवाच. त्याला त्रास होतो तो मदतीचा नाही, रात्री फोनवर 'डावीकडचं तिसरं बटण, नाही, त्याच्या खालचं' हे ऐकण्याचा. त्याचं काम बदला. दाराजवळ एकच मोठा, लाल, नाव लिहिलेला स्विच लावा, बॅटरी आणि मुख्य वीज दोन्ही तोडणारा. वास आला, धूर दिसला, ढग गडगडले किंवा नुसतं मनात आलं, तरी तुम्हाला न विचारता तो बंद करायचा अधिकार त्याला द्या आणि हे लिहून भिंतीवर लावा. परत चालू करायची घाई त्याच्यावर नाही. तो पुढच्या वेळी तिकडे जाईल तेव्हा. रात्री आठनंतर मी फोन करणार नाही, असं त्याला आजच सांगा. विजेचं बिल कोण भरतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही भरत नसाल तर ते भरा.

काहीही तिकडे नेण्याआधी सगळं घरच्या टेबलावर जोडा, अँटेनाच्या जागी डमी लोड (शक्ती हवेत न सोडता उष्णतेत जिरवणारा भार) लावा, आणि प्लग उपसायला सुरुवात करा. दोन सेकंदांसाठी, दोन मिनिटांसाठी, बॅटरी उतरेपर्यंत. ट्रान्समिट चालू असताना. संगणक निम्मा उठलेला असताना. नेटवर्कची केबल तेवढी काढून, मग राउटर तेवढा बंद करून. प्रत्येक वेळी हात न लावता स्टेशन परत आलं पाहिजे, आणि आलं नाही तरी निदान बंद राहिलं पाहिजे. घरातली माणसं वैतागतील. तिकडे जाऊन कळण्यापेक्षा ते बरं.

उरला ॲम्प्लिफायर. १०० चे ४०० वॅट म्हणजे ६ डेसिबल, समोरच्याच्या मीटरवर एक एस-युनिट, सिग्नलच्या जोराची एक पायरी. त्यासाठी बॅटरीतून साठ-सत्तर ॲम्पिअर किंवा त्याहून जास्त ओढावे लागतील, केबल, फ्यूज, रिले सगळं पुन्हा नव्यानं, आणि अडकलेल्या ट्रान्समिटचा धोका चौपट. उलट तुम्ही १०० वरून २५ वॅटवर आलात तर समोरच्याला एकच एस-युनिट कमी दिसेल आणि रिगचा करंट जवळपास निम्म्यावर येईल. तुमची जागा शांत आहे, हीच तुमची कमाई. ऐकू येतंय तोवर थोडक्या शक्तीतही भागतं. सध्या नको. एक अख्खा वादळी हंगाम मामेभावाला एकही फोन न करता गेला, तर मला पुन्हा लिहा, तेव्हा बोलू.